माळ खरी होती

सई, आरव, तुमच्या आजोबांना जाऊन दीड महिना झाला. इथल्या एका पुरवणीने त्यांच्यावर लेख मागितला आहे आणि मी तो तुम्हाला उद्देशून लिहिते आहे, कारण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईने विचारलं, "आजी, आजोबा खरंच बदलले होते, की ते सगळं नाटक होतं?" तुमचे बाबा मागून "सई!" म्हणून ओरडले, आणि चहा उतू जातोय असं सांगून मी फोन ठेवला. चहा उतू जात नव्हता. उत्तर मला माहीत आहे, फक्त सांगायची लाज वाटते. चौकात अजून श्रद्धांजलीचे फ्लेक्स आहेत, त्यांवर आजोबांना 'संतवृत्तीचे नाना' म्हटलं आहे. पुढे-मागे तुम्ही त्यांचे फोटो बघाल आणि तेवढंच खरं धराल, म्हणून आत्ताच लिहिते.

आजोबा राजकारणात होते हे तुम्हाला माहीत आहे. पनवेलचा जुना मासळीबाजार पाडून नवा बांधला, तेव्हा ओटे, म्हणजे मासे विकायला बसण्याच्या जागा, जुन्या कोळणींना चिठ्ठ्या टाकून द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या खऱ्या, पण कोणाची निघणार ते आधीच ठरलेलं होतं, आणि ठरवणारे तुमचे आजोबा होते. आमच्या दारावर मासे घेऊन येणारी हिराबाई लग्न होऊन आली तेव्हापासून ज्या कोपऱ्यावर सासूशेजारी बसायची, तिथला ओटा आजोबांच्या पुतण्याला, म्हणजे तुमच्या दिनेशकाकाला मिळाला. दिनेशने आयुष्यात कधी मासा कापला नाही. त्याने तिथे फ्रोझन कोळंबीचा फ्रीज ठेवून एक नोकर बसवला. वर्तमानपत्रांत फोटो आले. कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन आमच्या फाटकासमोर बसल्या. तेव्हा पडद्याआडून बाहेर बघायचंसुद्धा मला धाडस झालं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच आजोबांनी माळ घातली. गळ्यात तुळशीची माळ आली की मासे-मटण कायमचं सुटतं. माणूस आतून बदलला, असं लोक त्यावरून धरतात. माळ घालणं ही तशी गाजावाजा न करता, गुपचूप करायची गोष्ट. आजोबांच्या 'माळधारण सोहळ्या'चा फ्लेक्स मात्र शिवाजी चौकात लागला, त्यावर हात जोडलेले ते आणि खाली बारा शुभेच्छुकांचे फोटो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, देवधर्मात बेताचीच, पण तो फ्लेक्स बघून मलाच देवापुढे लाज वाटली. दुसऱ्या दिवशी हिराबाई नेहमीसारखी दारात आली. आजोबा म्हणाले, "हिराबाई, आता आपल्याकडे मासे नकोत. मी माळ घातली."

"बेस केलंत, नाना. मंग माजा ओटा कदी देताव?"

"ते आता... मी त्या सगळ्यातून मन काढून घेतलंय."

"मन तुमी काढा हो. पन दिनेशचा फ्रीज कोन काढनार?"

त्यानंतर ती आमच्या दारी आली नाही. बाजाराच्या फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला, मोडक्या छत्रीखाली बसायला लागली. मी तिथेच जाऊन तिच्याकडून मासे आणायचे. घरात आजोबांना वास नको म्हणून माशाचा तवा आणि एक शेगडी मागच्या गॅलरीत नेली.

गावात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: निवडणूक आली की माळ उतरेल. खरं सांगायचं तर मीही त्याचीच वाट बघत होते. पण निवडणूक आली आणि आजोबा उभे राहिले नाहीत. पहाटे उठून जप करायचे. देवळाच्या ओसरीवर बोलायला उभे राहिले की "मी पापी होतो, माउली" म्हणायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कुठलं पाप, ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. एखाद्या दुपारी मी गॅलरीत तळणी करत असले की आतून हळूच विचारायचे, "काय आहे गं आज?"

"बोंबील."

"ताजे आहेत?"

"हो."

"बरं..." आणि मुकाट्याने पिठलं-भाकरी खायचे. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी अंडं तरी खा म्हणून किती सांगितलं, पण तेही खाल्लं नाही. बघायला खोलीत मी एकटीच होते, तिथे नाटक कोणासाठी करणार?

म्हणून सई, उत्तर असं, की नाटक नव्हतं. माळ खरी होती. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं, लबाड माणसाचा राग धरून मी मोकळी झाले असते. एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, दिनेश तुमचा शब्द मोडत नाही. त्याला ओटा सोडायला सांगा ना." ते म्हणाले, "अगं, ते सगळं मी देवाच्या पायाशी ठेवलंय." मी विचारलं, "ओटासुद्धा?" त्यांनी डोळे मिटले आणि जप सुरू केला. तो जपही खरा होता. त्यांचं आणि देवाचं मिटलं होतं आणि त्यात हिराबाई कुठेच नव्हती.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेकजण हात जोडून पुढे झाला. तुमचे बाबा म्हणाले, "आईला सांभाळू." कार्यकर्ते म्हणाले, "देवळाचा सभामंडप पुरा करू." आजोबांची बहीण, तुमची आत्याआजी, माझ्या कानाशी कुजबुजली, "वहिनी, बोंबलाचा तुकडा ठेव, बघ कसा झडप घालतो तो." मागच्या दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. बोंबील त्यांनी मनापासून सोडले होते, त्यात काही अडकलेलं नव्हतं. मी दिनेशला म्हटलं, "दिनेश, तू बोल."

"मी काय बोलू, काकू?"

"ओट्याचं बोल."

दिनेश माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, इथे नको ना... लोक आहेत."

लोक होते म्हणूनच मी म्हटलं होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

आजोबांनी जे पाप कधी नाव घेऊन सांगितलं नाही, ते मी इथे नाव घेऊन सांगितलं आहे. दिनेश पुरवणी वाचतो. लेख छापून आल्यावर तो कदाचित माझ्याशी बोलायचा नाही. तुमच्या बाबांनाही राग येईल, त्यांना मी समजावेन. माळ आजोबांबरोबर गेली. माशाचा तवा अजून गॅलरीतच आहे, तो आत आणायला माझा हात धजत नाही. आणि हिराबाई अजून फाटकाबाहेर छत्रीखाली बसते.