दाराबाहेरून बोललेली इस्पानी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी गिऱ्हाईक वाढले. त्या वर्षांत अमरावतीत परदेशी माणसाचे नवल राहिले नव्हते. बहुतेक इंग्रज असत. आमच्याकडे आलेला मिस्त्री मात्र स्पेन देशाचा होता. कापूस दाबून त्याचे बोजे बांधायचा मोठा लोखंडी पेच कंपनीने मुंबईहून आणला होता, त्याची जोडणी आणि देखभाल त्याच्याकडे होती. तो मलागा नावाच्या बंदराचा. तिथल्या सूतगिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, म्हणून जिथे कापूस आहे तिथे आलो, असे तो सांगे. बरोबर बायको होती. पेचाच्या आवारातच दोन खोल्या आणि एक पडवी असे घर त्यांना मिळाले होते. लोक त्यांना मिस्त्रीसाहेब आणि मडमबाई म्हणत.

मी तिथे कारकून होतो. मराठी, कामापुरती उर्दू आणि शाळेत शिकलेली थोडी इंग्रजी एवढे माझ्याजवळ होते. मिस्त्रीची इंग्रजी माझ्याहून कच्ची. सुरुवातीलाच त्याने एक हुकूम इंग्रजीत दिला, मी तो मराठीत केला आणि हमालांनी पेचाचा दांडा उलट्या बाजूला फिरवला. चूक कोणाची ते ठरले नाही. त्यानंतर त्याने इंग्रजी सोडून दिली आणि मला आपली भाषा शिकवायला घेतली.

शिकवणी उभ्याउभ्याच चाले. तो वस्तूवर हात ठेवून शब्द बोले, मी म्हणे, तो मान हलवे, मी पुन्हा म्हणे. पहिले सगळे शब्द हुकमाचे होते. तिरा म्हणजे ओढ. आप्रिएता म्हणजे आवळ. आफ्लोहा म्हणजे सैल सोड. आब्रे म्हणजे उघड. हा शेवटचा शब्द तो रोज सकाळी फाटकावरच्या राखणदारासाठी ओरडत असे. कापूस चोरणाऱ्याला लाद्रोन म्हणतात, हेही मला पहिल्याच महिन्यात आले, कारण त्याची गरज पडत होती.

व्याकरण कापसावरच समजले. त्या भाषेत ‘आहे’साठी दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मला फरक कळेना. मिस्त्रीने एका गाडीतून मूठभर कापूस काढला, बोटांनी धागा ओढून दाखवला आणि म्हणाला, हा आखूड धाग्याचा ‘एस’. मग गाडीवानाने वजन वाढवायला पाणी शिंपडलेला थर दाबून दाखवला : हा ओला ‘एस्ता’. आखूड धागा जन्माचा, ओल उन्हात जाणारी. मला पुढे कोणी अधिक चांगले समजावले नाही.

त्याचे बोलणे तुटक होते. शब्दाचे शेपूट तो खाऊन टाके. ओल्याला पुस्तकी शब्द मोहादो, तो म्हणे मोहाओ. त्यांच्या राजधानीचे लोक मलागाच्या बोलण्याला हसतात, असे त्याने एकदा सांगितले. पुण्याहून कचेरीत आलेली मंडळी आमच्या ‘मले-तुले’ला हसत, ते मी त्याला सांगितले. त्याला ते फार आवडले.

ओम्ब्रे हा त्याचा आणखी एक शब्द. अर्थ ‘माणूस’, पण तो हमालाला, मला, पायावर पाय देणाऱ्या बैलाला आणि अडकलेल्या पेचालाही ओम्ब्रे म्हणे. कोणी थाप मारली की तो ‘आंदा या’ म्हणे, म्हणजे चल, काहीही सांगतोस. हमालांनी हे लगेच उचलले.

“काल मी एकट्यानं बोजा उचलला बाप्पा,” एक म्हणे.

“आंदा या!” दुसरा म्हणे. “तुले तुह्या घरचा तांब्या उचलत नाई.”

शिव्याही आम्ही शिकलो. त्या इथे लिहिण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या भाषेतही तू आणि तुम्ही आहे. मिस्त्रीने मला फक्त तू शिकवला होता. त्याच्या गावच्या बंदरावर सगळे एकमेकांना तूच म्हणत, त्यामुळे दुसरे रूप त्याला सुचले नसावे.

माझी वहिनी याच काळात ही भाषा दुसऱ्या बाजूने शिकत होती. आम्ही आवारामागच्या गल्लीत राहत असू. वहिनी दर्यापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. मडमबाई एकटी बसते हे पाहून ती पहिल्यांदा वांगी घेऊन गेली, आणि मग जातच राहिली. दोघी एकमेकींना वस्तू दाखवीत आणि नावे घेत. पाणी, मीठ, तेल, केस, फणी. एके दिवशी ती हसतच घरी आली.

“भाऊजी, तिच्या बोलीत लसणाले आहो म्हणते म्हणे.”

“म्हणतात.”

“मंग नवऱ्याले हाक कशी मारत असन वं बाई? मी तं स्वयंपाकघरातून आहो म्हटलं का तुमचे दादा येतीन.”

मडमबाईला दिवस गेले आहेत, हे वहिनीला मिस्त्रीच्या आधी समजले होते असे ती म्हणे. मुलाला त्या भाषेत निन्यो म्हणतात, हा शब्द वहिनीनेच मला दिला. माझ्या कापसाच्या अंगणात तो कधी आला नव्हता.

दिवस भरत आले तेव्हा अकोल्याच्या पेचाचा मळसूत्री खांब तडकला. त्याच कंपनीचा पेच होता. मिस्त्रीला जाणे भाग होते. छावणीतल्या डॉक्टरसाहेबांशी त्याने बोलून ठेवले होते. मूर्तिजापुरावरून गाडीने जायचे, काम उरकून लगेच परतायचे, असा हिशेब होता. निघताना तो मला म्हणाला की जवळपास राहा, ती दुसऱ्या कोणाशी बोलू शकत नाही. मडमबाई पडवीत उभी होती.

तो गेल्यावर दोन दिवसांतच तिला कळा सुरू झाल्या. मी छावणीत गेलो. डॉक्टरसाहेब मेळघाटाकडे दौऱ्यावर गेले होते. अकोल्याला घोडेस्वार धाडला आणि वहिनीने सुईणीला बोलावले. सुईण वयस्क होती, गल्लीतली बहुतेक मुले तिच्याच हातची. मी पडवीत, दाराकडे पाठ करून बसलो. पुरुषाने याहून जवळ जायची रीत नव्हती. पुढचे जे आहे, ते मी ऐकलेले आणि वहिनीने मागाहून सांगितलेले आहे. पाहिलेले नाही.

सकाळभर ठीक चालले. दुपार होता होता कळा मंदावल्या. सुईणीने पुन्हा पोट तपासले. मग म्हणाली, “घर उघडं करा.”

आमच्याकडे बाळंतीण अडली की घरातले जे जे बंद, ते उघडतात. दारे, खिडक्या, डब्यांची झाकणे. गाठी सोडतात, केस मोकळे करतात, गोठ्यातल्या गाईचे दावेही सोडतात. वहिनी खिडक्या उघडत असल्याचे ऐकू आले. सुईणीने दारातून डोके काढले.

“बापू, हे काय ठेवलं तुमच्यापाशी?”

“कापसाचे नमुने आहेत. कंपनीचे.”

“कंपनीचे असो का रानीचे असो. रस्सीनं आवळून ठेवले, अन् आतली बाई सुटन कशी? सोडा.”

मी बोज्यांच्या रश्श्या सोडल्या. कापूस पडवीभर पसरला.

घोटाळा त्यानंतर झाला. आतल्या खोलीत लोखंडी पट्ट्यांची एक पेटी होती आणि तिची किल्ली मडमबाईच्या गळ्यात फितीला होती. सुईणीने किल्लीला हात घातला. मडमबाई किंचाळली. वहिनीने सांगितले की ती खाटेवरून सरकत भिंतीला जाऊन टेकली, दोन्ही हातांनी किल्ली धरली आणि कोणाला जवळ येऊ देईना. नवरा परगावी, घरभर बायका शिरलेल्या, डबे उपसलेले, बाहेर सामान उसकटलेले. तिने जे अनुमान काढले ते चुकीचे म्हणता येत नाही.

“लाद्रोनास!” ती ओरडली.

“काय म्हणते भाऊजी?” वहिनीने आतून विचारले.

“चोर म्हणते.”

“चोर?” सुईण म्हणाली. “साऱ्या जिंदगीत मी लोकायच्या घरी माणसं आणून देल्ली, नेलं काईच नाई. सांगा तिले. पेटीत सोनं असन तं तिचं तिले लखलाभ. झाकण तेवढं उघडं पायजे.”

मग आवाज उतरवून तिने वहिनीला सांगितले ते मला ऐकू आले. पोट कडक झाले आहे, मूल आडवे नाही पण अडले आहे, हात लावू दिला नाही तर दोघांतले एक जाईल, कदाचित दोन्ही.

मी दाराकडे पाठ ठेवून मोठ्याने म्हणालो, “आब्रे.”

राखणदारावर मिस्त्री ज्या सुरात ओरडे, तो शब्द मला त्याच सुरात येत होता. दुसरा सूर मी ऐकलाच नव्हता. आतून तिने विचारले, मला हुकूम करणारा तू कोण? ते मला समजले. मी नाव सांगितले. मग आफ्लोहा म्हणालो, सैल सोड. तेही ओझे ओढणाऱ्या हमालाला सांगावे तसेच झाले. ती रडू लागली.

मला रीत, समजूत, भीती, विश्वास यांपैकी एकही शब्द येत नव्हता. कापसाच्या अंगणात त्यांचे काम पडत नाही.

आत काही हालचाल झाली. वहिनीने आपला अंबाडा सोडला. पदराला मारलेली गाठ सोडली. कमरेचा आमच्या घरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्यासमोर खाटेवर ठेवला.

“भाऊजी, मी काय करून राहिली ते तिले सांगा.”

“केसांना काय म्हणतात?”

“पेलो.”

मी म्हणालो, मिरा, पाहा. हिचा पेलो, मोकळा. हिची किल्ली, तुझी. किल्लीचा शब्द, ‘यावे’, मला येत होता. गुदामाच्या किल्ल्या रोज मागाव्या लागत. वहिनी आतून नावे देत गेली आणि मी त्यांना माझ्याजवळची क्रियापदे जोडत गेलो. दार उघड, निन्यो येतो. खिडकी उघड, निन्यो येतो. पेटी उघड. वाक्ये मोडकी होती. ‘तू’ तसाच राहिला, पण एव्हाना मी ओरडत नव्हतो.

मडमबाईचे रडणे थांबले. मग ती म्हणाली, “पारा एल निन्यो?” म्हणजे, मुलासाठी?

“सी,” मी होकार दिला. आतून वहिनीही “सी, सी” म्हणाली.

“एस कोस्तुम्ब्रे?”

हा शब्द मला माहीत नव्हता. विचारायला वेळ नव्हता. मी सी म्हणालो. मिस्त्री परत आल्यावर त्याला अर्थ विचारला. त्याने सांगितले, पिढ्यान्‌पिढ्या लोक जे करत आले ते, रिवाज. होकार बरोबर होता, पण तो मी न समजता दिला होता.

कुलूप निघाल्याचा आवाज आला आणि पेटीचे झाकण भिंतीवर आपटले. आत लहान मुलाचे कपडे होते, असे वहिनी म्हणाली. पांढरे, एकावर एक घडी केलेले, आणि त्यांच्याखाली त्या दोघांचे जे काही होते ते. सुईणीने पेटीकडे पाहिलेही नाही.

पेटी उघडल्यामुळे बाई सुटली, असे मी लिहीत नाही. ती उघडल्यावर तिने सुईणीला जवळ येऊ दिले, एवढे खरे. उन्हे पडवीच्या कडेला आली तेव्हा मूल रडले.

“पोरगी झाली,” वहिनीने सांगितले.

पण सुईण अजून उठली नव्हती. मडमबाईने मान टाकली होती आणि डोळे मिटले होते. रक्त बरेच गेले होते. सुईण तिचे पोट चोळत होती आणि वहिनीला सांगत होती, “बोलतं ठेव तिले. झोपू द्यू नको वं.” वहिनी पाणी, मीठ, तेल, फणी, येतील ती नावे घेत होती, कारण तिच्याजवळ तीच होती. मग वहिनीने मला मडमबाईला बोलते करायला सांगितले. मी बाहेरून विचारले, काय पाहिजे? पुन्हा विचारले.

“तेंगो आम्ब्रे,” मडमबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मी तो शब्द दारापाशी सरकून पुन्हा म्हणवून घेतला.

“काय म्हणते?” सुईणीने विचारले.

“भूक लागली म्हणते.”

“भूक?” सुईणीने श्वास सोडला. “मंग वाचली. जाय वं पोरी, चूल पेटव.”