एकशे सत्त्याऐंशी विरुद्ध अल्विना

अल्विना कोवांदाने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं आणि बावन्न वर्षं आपलं मत वाया घातलं. पहिल्या गोष्टीचा तिला अभिमान होता, दुसरीचा संताप.

नेब्रास्कातलं तिचं गाव म्हणजे मका, चर्च आणि हत्तीवाल्या पक्षाची माणसं. समोरच्या गाढववाल्या पक्षाला मत देणारी ती एकटी. अध्यक्षाची निवडणूक झाली की गावच्या केंद्राचा आकडा सभागृहाच्या दारावर लागायचा: एकशे सत्त्याऐंशी विरुद्ध एक. गुप्त मतदानाची इतकी जाहीर शोभा दुसरीकडे कुठे होत नसेल. पोस्टातली बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी विचारायची, "काय अल्विना, एकाचे दोन कधी होणार?"

सगळ्यात जास्त जीभ चालायची ती तिच्या धाकट्या भावाची, एमिलची.

"अगं, अध्यक्ष काय तुझ्या मतावर ठरतो? खरी मतं राज्यांची. आपल्या वाट्याला पाच. दोन अख्ख्या राज्याची, उरलेली तीन विभागांना एकेक. आपला विभाग जन्मजात हत्तीचा. तू मत पेटीत टाक नाहीतर मक्यात टाक, सारखंच!"

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. मरण्याआधी एकदा तरी आपलं मत कामी यावं, एवढंच तिला हवं होतं.

सत्तरी उलटल्यावर म्हातारीने कमाल केली. घर विकलं आणि ओमाहात, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. कारण ओमाहाचा विभाग कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. लोक नातवंडांसाठी शहरात जातात, दवाखान्यासाठी जातात. ही मतासाठी गेली. एमिल निरोप द्यायलाही आला नाही. "मतासाठी भावाला टाकून जाणारी बहीण मला नको," एवढं फोनवर म्हणाला आणि मग बोलणंच बंद.

खाली दिवसभर यंत्रं घुरघुरायची, वर हिच्या कपबशा नाचायच्या. रविवारी सवयीने कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजायची, पण खायला कुणी नव्हतं. हा शुद्ध वेडेपणा होता आणि तिलाही ते ठाऊक होतं.

नोव्हेंबरात ओमाहाचा विभाग गाढववाल्यांनी जिंकला. अल्विना टीव्हीसमोर एकटीच ओरडली, "आलं! माझं मत कामी आलं!"

मग बाकी देशाचा निकाल लागला. तिच्या उमेदवाराला देशभरात समोरच्यापेक्षा तीस लाख मतं जास्त पडली, आणि तो हरला. जिंकायला राज्यांची मतं लागतात दोनशे सत्तर. त्याला मिळाली दोनशे अडुसष्ट. वाया जाणाऱ्या मतांचं एकदाचं बहुमत झालं, आणि नेमकी तेव्हाच ही बाई त्यांतून उठून कामाच्या मतदारांत जाऊन बसली होती. नशिबाला दुसरा धंदा नसावा.

चडफडत तिने गावचा आकडा शोधला. आता तिथे शून्य असणार, म्हणजे पोस्टातल्या बाईची करमणूकही संपली. पाहते तर एकशे शहाऐंशी विरुद्ध एक.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग सात महिन्यांत पहिल्यांदा एमिलला फोन लावला.

"गावात आमचं ते एक मत कुणाचं रे?"

"मला काय माहीत? गुप्त असतं ते."

"एमिल."

"चुकून कुणी मतपत्रिकेवर भलताच गोल रंगवला असेल. म्हातारी माणसं गावात थोडी आहेत का?"

"एमिल!"

मग तो खेकसला, "दारावर तुझ्या जागी शून्य बघवलं नसतं गं मला. आणि लगेच हुरळून जाऊ नकोस. वायाच गेलंय ते."