गूळपाणी

आमच्या गावात पाहुणा आला की त्याला ओटीवर बसवून गूळपाणी देतात. घरचं माणूस मात्र मागच्या दाराने आत शिरतं आणि माठातलं पाणी स्वतःच घेतं.

खाडी आणि देवळाची जुनी दीपमाळ बघायला हल्ली माणसं लांबून येतात. शेजारच्या सुमनकाकूंनीही त्यांच्यासाठी दोन खोल्या काढल्यात. बऱ्याच वर्षांनी गावी गेले, तेव्हा मी काकूंच्या ओटीवर टेकले होते. तेवढ्यात त्यांच्याकडे दरवर्षी उतरणारी नागपूरची मुलगी खाडीवरून आली. पाय चिखलाने माखलेले, ओढणीत करवंदं. ती तडक मागच्या दाराने आत गेली. माठावरचं झाकण वाजलं आणि पाठोपाठ काकूंचा आवाज.

"अगो मेल्ये, पाय धू आधी! सकाळीच सारवलंय."

त्याच माठाशी लहानपणी मी केवढी बोलणी खाल्ली होती! खाडी खुशाल बघा, दीपमाळेचे हवे तेवढे फोटो काढा, माझी ना नाही. पण ती बोलणी माझी होती.

मी उठले, परसातून वळसा घेऊन मागच्या दाराशी गेले आणि मुद्दाम चपलांसकट त्या ओल्या सारवणावर पाय ठेवला.

काकूंनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि त्या हसल्या.

"असू दे हो," म्हणाल्या. "तू कशाला उठलीस? बस ओटीवर, गूळपाणी आणते."