उजव्या हाताखाली डावा

लिहायला बसले खरी, पण मी काही लेखिका नव्हे. शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन वाचनालयाच्या पुस्तकांवर झालं, तेव्हा बोलते तसंच लिहिते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या दिवशी देवळात मी नातीच्या हातावर चापट मारली होती. ते लपवून बाकीचं सांगत बसले तर माझं मलाच पटणार नाही.

रेवा तेव्हा पाच वर्षांची होती. मुलगा संदेश आणि सून मृणाल दोघंही अंधेरीला ऑफिसात, त्यामुळे पोर दिवसभर माझ्याकडे. आम्ही कांदिवलीला राहतो. दर गुरुवारी संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात आम्हा दोघींची आरती ठरलेली. तीर्थ कसं घ्यायचं ते मीच तिला शिकवलं, जसं मला माझ्या आईने गावाला शिकवलं होतं. उजवा तळवा खोलगट करायचा आणि त्याच्याखाली डावा धरायचा, थेंबसुद्धा जमिनीवर पडता कामा नये. एकटा डावा हात पुढे करायचा नाही. रेवाला ते इतकं छान जमायचं की पुजारीकाका तिला कौतुकाने साखरफुटाणे जास्तीचे द्यायचे.

त्या गुरुवारी आरती संपली, रांगेतून आम्ही पुढे गेलो आणि तिने डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "उजवा गं." तिने पुन्हा डावाच केला. मागे माणसं खोळंबलेली, पुजारीकाका पळी धरून उभे. मला वाटलं, आज हिच्या अंगात आलंय. मी तिच्या डाव्या हातावर फटकन मारलं. "देवासमोर हट्ट करतेस? लाज नाही वाटत?" ती रडली नाही. माझ्याकडे बघत काहीतरी बोलली, पण शब्द जड, अर्धवट आला.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे झाली. पस्तिशीची असेल, खांद्याला मोठी पिशवी. आधी कधी देवळात पाहिलेली नव्हती. तिने वाकून रेवाची हनुवटी वर केली.

"मावशी, हट्ट नाही करत ती. तोंड बघा ना तिचं, एका बाजूला उतरलंय."

"अहो, झोप आली असेल."

"झोप नाही हो ही. बाळा, दोन्ही हात वर कर बघू."

डावा वर गेला. उजवा गेलाच नाही.

पुढचं सगळं तिनेच केलं. रेवाला उचललं, रिक्षा थांबवली, मला आत ढकललं. मी म्हणत होते, जवळच्या डॉक्टरांना दाखवू, थोडं साखरपाणी पाजू. "तोंडात काही घालू नका. आणि दवाखान्यात नको, डोक्याचा फोटो निघतो तिथेच जायचं," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला, "भैया, जल्दी, बच्ची है!" वाटेत तिने मला एकच विचारलं, "शेवटची धड कधी होती?" मला आठवलं, मी सांगितलं, सातला आरती सुरू झाली तेव्हा ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. हॉस्पिटलात पोचल्यावर तिने डॉक्टरांना तेच सांगितलं, "सात वाजता दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती." रेवाला आत नेलं, मी संदेशला फोन लावला, फोन ठेवून वळले तर बाई नव्हती. नाव विचारायचंही राहिलं.

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडथळा आला होता. म्हणजे अर्धांगवायू. तो म्हाताऱ्याकोताऱ्यांचा आजार, असंच मी समजत होते. दोन-तीन महिन्यांपूर्वी तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. त्यानंतर क्वचित एखाद्या मुलाला असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे म्हणाले, वेळेत आणलंत. मग काय, घरात, बिल्डिंगमध्ये माझंच कौतुक. आजीने बरोबर ओळखलं म्हणे. मारलेलं कुणाला सांगितलं नाही.

रेवा घरी आल्यावर मी त्या बाईची चौकशी करायला एकटीच देवळात गेले. पुजारीकाकांनाही ती माहीत नव्हती. त्यांनी चपलांच्या फळीकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून तिथेच पडून असलेल्या तपकिरी चपला, एकीचा पट्टा शिवलेला. बाई रिक्षात अनवाणीच बसली होती तर! मी म्हटलं, "काका, देवच आला असेल का हो?" ते म्हणाले, "आजी, देव चपला कशाला घालून येईल? आणि त्या शिवून कशाला वापरील?" आम्ही दोघंही हसलो. पण बाहेर पडताना मी दत्ताला बजावलं, माझी नात उजव्या हातावर तीर्थ घेईल त्या दिवशीच तुझ्या दारात येईन. तोपर्यंत ना मी, ना ती. आता कळतं, तो नवस नव्हता, रुसवा होता. मारलं मी आणि रुसले देवावर.

मग दिवस सुरू झाले ते व्यायामाचे. पायात आधाराची पट्टी, बोलायचा सराव, हाताचा सराव. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, रोज दोन तास चांगल्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे आजारी हाताला काम करावंच लागेल. मटार सोलणं, कणकेचे गोळे दाबणं, डब्यात मणी टाकणं. पाय सुधारला, शब्द परत आले. हात मात्र आळशीच राहिला, मूठ वळलेली. आणि त्याहून जास्त मला एक गोष्ट खायची. कुणी बिस्किट देऊ केलं, गोळी दिली, तरी रेवा हात पुढे करत नसे. उजवा नाही, डावाही नाही. दोन्ही हात पाठीमागे न्यायची. घरचे म्हणायचे, लाजते. ती का हात लपवते ते फक्त मला ठाऊक होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. हात बरा होवो न होवो, निदान तिने तो पुढे करावा, एवढंच मला हवं होतं.

मला तिची तगमग बघवत नसे. मी दुपारी मोजा काढून टाकायची, घास भरवायची. एकदा मृणाल लवकर घरी आली आणि सापडले.

"आई, मोजा कुठाय?"

"अगं, रडत होती."

"रडू दे ना! तुम्ही दया करताय आणि ती मागे पडतेय. असं का करता?"

मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं तिला. रांग, चापट, नवस. मृणाल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. म्हणाली, "मला माहितीय. तिला नीट बोलता आलं तेव्हाच सांगितलंन तिने."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? दिवसभर तिच्यामागे तुम्हीच असता. घेऊन जा तिला गुरुवारी. हात आहे तसा."

रेवाला मी विचारलं, देवळात जायचं का. तर म्हणते, "एवढे दिवस नाही गेलो, काकांनी माझे फुटाणे संपवले असतील." म्हणजे बघा, माझ्या रुसव्याची शिक्षा पोरीला झाली होती.

त्या गुरुवारी आम्ही गेलो. आरतीत तिने डाव्या हाताने माझ्या तळहातावर टाळ्या वाजवल्या. रांग पुढे सरकली. मी मनात म्हटलं, देवा, डावा येऊ दे, उजवा येऊ दे, नाहीतर दोन्ही मागेच राहू दे. मी काही सांगणार नाही. आणि खरंच, मी तोंड उघडलं नाही.

रेवा थोडी थांबली. मग तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरून वर उचललं, वळलेली बोटं अंगठ्याने एकेक करून उघडली, आणि डावा तळवा खाली आधाराला लावून दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होता. पुजारीकाकांनी पळी अगदी खाली आणली. निम्मं तीर्थ सांडलं. उरलेलं ती प्यायली, ओला हात माझ्या पदराला पुसला आणि म्हणाली, "फुटाणे?"

साठ वर्षं मी तसंच तीर्थ घेत आलेय, उजव्या हाताखाली डावा. मला वाटायचं, थेंब सांडू नये म्हणून असतं ते.

निघताना फळीकडे पाहिलं, तर त्या चपला नव्हत्या. बाई येऊन घेऊन गेली की आणखी कुणी उचलल्या, मी काकांना विचारलं नाही. जिथे असेल तिथे सुखी असो. रेवाचा उजवा हात अजून डाव्यासारखा नाही. तो कितपत सुधारेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मोजा रोज दोन तास असतो, आता मी तो काढत नाही. देवाकडे अटी घालणंही सोडलंय. गुरुवारी रांगेत मी तिच्या मागे उभी राहते आणि ती जेवढा वेळ घेईल तेवढा घेऊ देते. मागचे खोळंबतात. खोळंबू देत.