गुलाबाच्या सतरा काड्या

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी गुलाबाच्या सतरा काड्या मारल्या. मारल्या हाच शब्द बरोबर आहे. कुणी विचारलं की मी म्हणायचो, जगल्या नाहीत. म्हणजे जणू दोष काड्यांचाच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढं तागे उलगडले, कापड मोजलं, कापलं. लिहायची सवय नाही. पण हे जिला सांगायचं ती गेली, आणि दुसऱ्या कुणाला तोंडानं सांगायची लाज वाटते. कागदाकडं बघून तेवढी वाटत नाही.

आमचं घर हर्सूलकडं. दोन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बायकोचा गुलाब होता. गावठी. रंग फिकट, फूल लहान, पण जिन्यातच वास यायचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं माहेराहून त्याची काडी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत चार तास मांडीवर धरून. मी तेव्हा म्हणालो होतो, "लोकं माहेराहून तूप आणतात, तू काटे आणले."

ती म्हणाली, "तूप तुम्ही चार दिवसांत संपवाल."

त्यानंतर आम्ही भाड्याची तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी डबा आधी टेम्पोत चढायचा, मग गाद्या.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं पाण्यावरच आलं. आमच्याकडं नळाला आठ आठ दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. बाकीचे दिवस बोअर. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. घरात पाण्याचा कारभार माझ्याकडं. नळाचं पाणी प्यायला आणि सैपाकाला, झाडाला बोअरचं, असा नियम मी केला होता. एकदा ती नळाचं पाणी तांब्यात घेऊन जिना चढताना मला सापडली. मी शेजारपाजार ऐकेल असा ओरडलो. "आधी माणसं जगू दे, मग फुलं बघ."

ती तशीच परत खाली आली, तांब्या ड्रममध्ये ओतला. त्यानंतर ती मला कधी सापडली नाही. मला वाटलं, ऐकलं बाईनं.

गेल्या वर्षी थंडीत ती दवाखान्यात पडली. वीस-बावीस दिवस. पोरगी नागपूरला असते, ती येऊन आईपाशी बसली. मी दुपारी डबा घेऊन जायचो. गेलो की हिचा पहिला सवाल, "गुलाबाला पाणी घातलं का?"

"घातलं."

"नळाचं?"

"व्हय, नळाचं."

पहिला आठवडा तर मी गच्चीवर चढलोच नव्हतो. नंतर कधीतरी बोअरची एक बादली ओतून आलो. पण रोज तेच सांगायचो. मी 'व्हय' म्हणलं की ती डोळे मिटायची. मला वाटायचं, समाधान झालं. पौषात गेली.

ती गेल्यावर मला झाडाची आठवण झाली. रोज सकाळी बादलीभर पाणी, बोअरचं, न चुकता. जित्या बाईला तांब्या दिला नाही आणि मेल्यावर बादली ओतत होतो. पानांच्या कडा करपायला लागल्या. मातीवर मीठ सांडल्यासारखा थर आला. मला वाटलं उन्हानं होतंय, म्हणून आणखी पाणी घातलं. दिवाळीपर्यंत अर्ध्याहून जास्त झाड वाळलं होतं.

पहिलं वर्ष म्हणून दिवाळी केली नाही. पोरीचा फोन आला. "अण्णा, वर्षश्राद्धाला येईन तेव्हा आईचा गुलाब न्यायचा मला. अख्खा डबा नको. एक काडी रुजवून ठेवा. आईनं आणली होती तशी."

झाड वाळतंय हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "ठेवतो की. शेतकऱ्याचं पोर हाय मी."

शेतकऱ्याचं पोर म्हणजे काय, तर लहानपणी बापाच्या मागं उसाच्या सरीत कांड्या टाकत फिरलेला. तेवढ्याच भांडवलावर मी कामाला लागलो. दुकानातून निघताना घेतलेली कापडाची कात्री घरात होती. त्याच कात्रीनं सहा काड्या कापल्या. परातीएवढ्या कुंडीत उसासारख्या आडव्या टाकल्या, वरून ताज्या शेणाचा काला, आणि पाण्यानं कुंडी भरून टाकली. आठव्या दिवशी वास सुटला. काड्या काळ्या, बुळबुळीत झाल्या होत्या.

दुसऱ्या वेळी सात काड्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत उभ्या लावल्या. दहा-बारा दिवसांत चार काड्यांना पानं फुटली. तांबूस, बारीक, उंदराच्या कानाएवढी. मी उभ्या उभ्या पोरीला फोन लावला. "चार जगल्या."

ती फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, "अण्णा, आईचा हात आलाय तुमच्या हाताला."

मला ते लई गोड लागलं. मग मला मुळी बघायची घाई झाली. रोज सकाळी एक एक काडी उपटायची, बूड बघायचं, परत खोचायची. दुकानात गिऱ्हाईक कापड उलटं करून, धागा ओढून बघायचं तसं. महिन्याच्या आत चारी काड्यांची पानं गळाली. पोरगी दर रविवारी विचारायची, "कशी आहेत पिल्लं?" मी म्हणायचो, "मस्त."

शेवटी एक मेलेली काडी पिशवीत घालून हर्सूल रोडच्या नर्सरीत गेलो. नर्सरीवाला माझ्या पोरीच्या वयाचा. त्यानं काडी हातात घेऊन फिरवली.

"काका, कापडाच्या कात्रीनं कापली का?"

"तुला कसं कळलं?"

"बूड चेंगरलंय. आणि ही उलटी लावली होती तुम्ही. काट्याचं टोक खाली पाहिजे, वर नाय."

"मी शेतकरी हाय," मी म्हणालो.

"दिसतंय की," तो म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं तिकडं तोंड फिरवून हसून घेतलं.

पण माणूस चांगला. त्यानं सगळं समजावलं. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, वीतभर. नव्या ब्लेडनं डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, खाली तिरपा काप द्यायचा. खालची पानं काढायची. निम्मी वाळू, निम्मी माती, शेण अजिबात नाही. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. सावलीत ठेवायची, वरून कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घालायची. माती ओलसर पाहिजे, चिखल नको. आणि चाळीस दिवस हात लावायचा नाही.

"पण पानं आली होती त्यांना," मी म्हणालो.

"पानं काडीतल्या रसावर येतात, काका. खाली मुळी नसली तरी येतात. रस संपला की पानं गेली. पानं बघून पेढे वाटायचे नसतात."

मी पेढे वाटले नव्हते, फोन केला होता. ते मी त्याला सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळी चार काड्या. सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. ब्लेड नवं, वाळू चाळून घेतली, बाटल्या झाकल्या, एकदाही उपटलं नाही. तरी तीन आठवड्यांत चारी वरून खाली काळ्या पडत गेल्या. वर्षश्राद्धाला दहा दिवस राहिले होते. मूळ झाडाची एकच हिरवी फांदी उरली होती, तीही जेमतेम वीतभर.

त्या दिवशी मी परत नर्सरीत गेलो आणि गुलाबाचं एक तयार रोप विकत आणलं. त्याला एक कळी होती, गडद लाल. घरी आल्यावर ती खुडून फेकली, रंग दिसू नये म्हणून. नर्सरीची काळी पिशवी फाडली आणि रोप बायकोच्याच एका जुन्या डब्यात लावलं. मग बोअरची बादली घेऊन पाणी घालायला बसलो.

आमच्या गच्चीला लागून शेजारच्या भाभींची गच्ची आहे. पंधरा वर्षांचा शेजार. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मध्येच हात थांबवला.

"भाईसाब, बोर का पानी डाल रे क्या गुलाब कू?"

"हां. क्यूं?"

"तबीच मर रा बेचारा. आप की घरवाली तो कबी बोर का नै डालते थे."

"फिर क्या डालती थी?"

"चावल धोए सो पानी. और गर्मी में अपना पीने का लोटा लाते थे ऊपर. आधा पीते, आधा उसकू देते. मैं बोली, भाईसाब चिल्लाएंगे. तो बोले, ये मेरे हिस्से का है, मेरे पीने का. इसका हिसाब उनके पास नै."

मी बादली खाली ठेवली. भाभींना वाटलं मला चक्कर आली, त्या "क्या हुआ, क्या हुआ" करत कठड्यापाशी आल्या.

झालं काही नव्हतं. मला उन्हाळे आठवले. दर उन्हाळ्यात हिला लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टर दर वेळी सांगायचा, तुम्ही पाणी कमी पिता. आणि बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसायचो, "घरात पाणी नाय का? प्यायला काय होतं तुला?" ती चालत राहायची. पाणी होतं, ड्रमला झाकण होतं, आणि झाकणावर मी होतो.

शेवटच्या फांदीची अठरावी काडी मी त्याच दिवशी लावली. नवं ब्लेड, चाळलेली वाळू, आणि माझ्या प्यायच्या तांब्यातलं नळाचं पाणी. बाटली पालथी घातली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली.

एवढं कळल्यावर तरी नर्सरीचं रोप बाजूला ठेवायचं होतं. ठेवलं नाही. पोरगी आली तेव्हा ते दारातच मांडलेलं होतं.

श्राद्ध झालं, पान वाढलं, कावळा शिवला, माणसं जेवून गेली. संध्याकाळच्या गाडीनं पोरीला जायचं होतं. रिक्षा बोलावली. तिनं डबा उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "मांडीवर घेऊन जाते. आईसारखी."

मला गप्प बसता आलं असतं. तिला कधी कळलं नसतं, किंवा लाल फूल आल्यावर कळलं असतं आणि तोवर मी असतो-नसतो.

"ठेव ते खाली," मी म्हणालो. "ते आईचं नाय."

"म्हणजे?"

"नर्सरीतून आणलं. आईच्या काड्या मी मारल्या. सतरा. झाडबी मेलं वर."

"चार जगल्या म्हणाला होता तुम्ही."

"पानं आली होती, ती गळाली. पुढचं सगळं खोटं सांगितलं."

तिनं डब्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि दवाखान्यात? आई विचारायची तेव्हा?"

"तेव्हाबी."

तिनं डबा पायरीवर ठेवला. हाताची माती झटकली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, तुम्ही जेवणाचा डबा देऊन गेला की आई मला म्हणायची, हे काय पाणी घालत नसतील. मी म्हणायची, असं काय म्हणतीस आई, घालतात ते. रोज तुमची बाजू घेत होते मी."

म्हणजे तिला माहीत होतं. मी 'व्हय, नळाचं' म्हणलो की ती डोळे मिटायची ते समाधानानं नव्हे. माझ्या तोंडाकडं बघवत नसेल.

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. पोरगी पाया पडली, पण वर बघितलं नाही. डबा पायरीवरच राहिला.

पंधरा दिवस फोन नाही. मीही केला नाही, कोणत्या तोंडानं करणार. सोळाव्या दिवशी तिचाच आला.

"जेवला का?"

"जेवलो."

"गच्चीवर कपडे आणायला गेले होते तेव्हा टाकीमागं बाटलीखाली एक काडी बघितली होती मी. ती कुणाची?"

"आईच्या झाडाची. शेवटची."

"पाणी कोणतं घालता?"

"नळाचं. माझ्या प्यायच्यातलं."

"खरं सांगताय?"

"भाभींना विचार. त्या बघतात रोज."

ती मग म्हणाली, "पानं आली का?"

"दोन. पण पानावर जाऊ नको. पानं अशीच येतात."

"उपटून बघितली?"

"नाय."

"नका बघू."

आणि फोन ठेवला.

आज काडीला एकतिसावा दिवस. सकाळी मी तांब्या घेऊन वर जातो. बाटली उचलली की हात काडीकडं जातो, सवयीनं. मग तो हात मी मागं घेतो आणि धोतराला पुसतो, ओला नसला तरी. भाभी त्यांच्या गच्चीवरून विचारतात, "जी री क्या?" मी म्हणतो, मालूम नहीं.

अर्धा तांब्या मी पितो, अर्धा तिला घालतो. अजून हवेत गारवा आहे, तेवढ्यात भागतं. चैत्र-वैशाखात अर्ध्या तांब्यावर दिवस कसा काढायचा, ते आता कळेल.