बाईंचं पुस्तक बदलून आणताना

वाचनालयात सगळे त्यांना सायकलमामा म्हणतात. माझे ते सख्खे मामा, पण आता घरीही तेच नाव पडलंय. ज्या वाचकांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांना पुस्तकं पोचवायची आणि वाचून झालेली परत आणायची, यात त्यांची उभी हयात गेली. पुस्तकं फोनवर आली तशी एकेक घर गळत गेलं. हँडलला दोन्हीकडे पिशव्या लटकायच्या, त्यांची एक झाली. शेवटी त्या एका पिशवीतही एकच घर उरलं, बाईंचं.

बाई म्हणजे मामांच्या शाळेतल्या बाई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घरातच असतात. वाचनालयानं त्यांना टॅब दिला, आत हजारो पुस्तकं. मामांनी पान कसं उलटायचं ते दाखवलं. पुढचं दाखवणार तोच बाई म्हणाल्या, "पुरे. जास्त बोटं लावली की बिघडतं."

पुढच्या शनिवारी त्यांनी टॅब वर्तमानपत्रात गुंडाळून मामांच्या हातात ठेवला. "झालं वाचून. बदलून आण."

मामांनी तो पिशवीत ठेवला. टॅब वाचनालयात नेला, दुसरं पुस्तक उघडून ठेवलं आणि संध्याकाळी परत पोचवला. तेव्हापासून दर शनिवारी तेच. दोन फेऱ्या, दोन चहा.

"काय रे, आज उशीर? शाळेतही घंटा झाल्यावरच उगवायचास."

"चढ आहे ना, बाई."

"चढ तेव्हाही होता."

हे टोमणे ऐकायला मामा सायकलला तेल घालून निघायचे. मामी गेल्यापासून त्यांना 'उशीर केलास' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एका शनिवारी मात्र बाईंनी टोमण्याऐवजी टॅबच पुढे केला. मग म्हणाल्या, "पुस्तक दोन दिवसांत संपतं रे. मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसते. आठवडा फार लांब असतो."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी टॅब बाईंच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरून पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवलं. पडदाभर मुखपृष्ठं आली. बोट सरकवलं, आणखी आली.

"ही सगळी?"

"सगळी तुमचीच, बाई. पहिल्या दिवसापासून."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिल्या दिवसापासून? आणि तू..."

मामांनी मान खाली घातली, वर्गात घालायचे तशी.

"गाढवा," बाई म्हणाल्या. पण डोळे एव्हाना पडद्याकडे वळले होते.

"येतो, बाई."

"हं."

दार मामांनीच ओढून घेतलं.

अजूनही शनिवारी ते त्याच गल्लीतून जातात. हँडलला रिकामी पिशवी असतेच. चढ संपला की घंटी वाजवतात. खिडकीत टॅबवर झुकलेले पांढरे केस दिसतात. मग उतार लागेपर्यंत मामा हळूहळू पायडल मारतात, मागून कुणी 'उशीर केलास' म्हणतंय का, ते ऐकत.