कक कलसोमची तापाई

आमची थोरली बहीण कलसोम गेल्या महिन्यात वारली. सिंगापुरात सगळे तिला कक म्हणायचे, म्हणजे ताई. युनिव्हर्सिटीतले डॉक्टर झालेले लोकसुद्धा. पुढची गोष्ट तिनं शेवटच्या आजारपणात सांगितली, तोवर घरात कुणाला पत्ता नव्हता.

एकोणीस वर्षं कक एका लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची आणि यीस्टसाठी प्लेटा ओतायची. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी डबी, तिच्यात गोड जेली, ते यीस्टचं जेवण. शिक्षण सहावी, पण तिची प्लेट कधी खराब निघाली नाही, याचा तिला भारी तोरा.

तिथं हुईमिन म्हणून मलेशियातल्या इपोहची पोरगी होती. यीस्टच्या आत त्याच्या जन्माचा सगळा मजकूर असतो म्हणे, तो कॉम्प्युटरवर नव्यानं लिहायचा, तुकड्यातुकड्यानं बनवायचा आणि जुना काढून नवा बसवायचा, हे तिचं काम.

"मग ते मरत नाही होय गं?" कक विचारायची.

"मरतंच ना! म्हणून तर तीन वर्षं रडतेय. घरात माणसं झोपलेली आणि आपण एकेक भिंत पाडून नवी बांधायची, तसं आहे ते."

नवं यीस्ट जगलं, पण मरतुकडं. वाढायचं नावच घेईना.

दारावर नियम लावलेला. घरी काही आंबवलं असेल तर दोन दिवस आत यायचं नाही. घरचं यीस्ट दांडगं, केसाला कपड्याला चिकटून येतं आणि नाजूक यीस्टला जागाच ठेवत नाही.

धाकट्या अयनीच्या पोरीचं लग्न निघालं. अयनी म्हणाली, "कक, तापाई तूच करायची. बाजारची वाढून माझं नाक कापू नकोस." चिकट तांदळाचा भात निववायचा, वर खमीर कुस्करायचं, पानात बांधून ठेवायचं, की दोनतीन दिवसांत भात आंबून गोड होतो, ती तापाई. करताना मनात काही वाईट आणायचं नाही, नाहीतर ती तांबडी पडते. रविवारी ककनं दहा किलो बांधली. हात तीनदा धुतले. सोमवारी घरी राहायला हवं होतं, पण सुट्ट्या लग्नासाठी राखलेल्या. गेली.

"लग्नघर ना कक? तापाई बिपाई केलीस काय?" हुईमिननं सहज विचारलं.

"छे गं. गेलांगच्या बाजारातून विकत आणणार आहोत."

आठवड्यानं हुईमिन नाचतच आली. यीस्ट भराभरा वाढलं होतं! तिनं ककला मिठी मारली. "तुझ्या हाताला गुण आहे बघ!" लॅबच्या सरांनी केक आणला. तीन वर्षं जे रांगत नव्हतं ते एकदम धावायला कसं लागलं, हे त्या खोलीत तिला एकटीला समजलं होतं. तेव्हाच बोलायचं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत पाच आठवडे गेले. तोवर नवं यीस्ट वाढलं म्हणून सरांनी परदेशात भरसभेत सांगूनही टाकलं.

मग त्या यीस्टचा मजकूर वाचून आला. हुईमिननं लिहिलेलं त्यात अक्षरही नव्हतं. होतं ते खमिरातलं यीस्ट, तापाईचं. जुनं मरतुकडं फ्रीजरमध्ये होतं, पण सरांची लाज गेली ती गेलीच. हुईमिनची नोकरी पुढं वाढवली नाही. जाताना ती ककशी नेहमीसारखंच बोलली. त्यानं ककला जास्तच लागलं.

ती गेल्यावर कक सरांच्या खोलीत गेली. "सर, ते माझ्या हातनं झालं. तापाई मी केली होती."

सर म्हणाले, "काहीतरीच काय कक? हुईमिन म्हणाली, तिनंच तापाई आणून इथं खाल्ली होती."

पोरीला कळलं होतं. कळून तिनं अंगावर घेतलं होतं.

सर म्हणाले, तिला परत घ्या म्हणून मी वर पत्र लिहितो. पण जागा भरून झाली होती. हुईमिन इपोहला बापाच्या शेवयांच्या दुकानात बसायला लागली होती. ककनं तिथं फोन लावला.

"कक, तू त्या सोमवारी हो म्हणाली असतीस ना, तर आपण दोघींनी हसत प्लेटा फेकल्या असत्या," हुईमिन म्हणाली. "एक आठवडा गेला असता फक्त."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगेल. मग शेवटी सरांनी मलाच विचारलं."

कक रडायला लागली. "केली होती गं. मीच केली होती."

"माहीत आहे," हुईमिन म्हणाली, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तिनं फोन ठेवला.